आनंदी पाहुणा, पातळी एक

माणूस किती प्यायला आहे हे ओळखण्याचं शास्त्र मी अमेरिकेत शिकले, आणि तेही सकाळी नऊ वाजता, डोनट खाता खाता. त्याआधी या विषयात माझी पाटी कोरी होती. नागपूरला आमच्या घरी खोकल्याचं औषधसुद्धा आई चमच्याने मोजून द्यायची आणि बाटली कपाटात बंद करून किल्ली कमरेला खोचायची.

२००२ साल होतं. सॉफ्टवेअरचे बरे दिवस नुकतेच संपले होते आणि तिथल्या आयसेलिन गावच्या एका कन्सल्टिंग कंपनीने आम्हा चौघींना ओक ट्री रोडजवळच्या एका घरात आणून ठेवलं होतं. काम मिळेपर्यंत खालच्या मिठाईच्या दुकानाचा वास घ्यायचा आणि वर बसून फोनची वाट बघायची, एवढाच उद्योग. शेवटी एक दिवस आमच्या रिक्रूटरचा फोन आला.

“कॉन्ग्रॅट्स! अटलांटिक सिटीला एका कॅसिनोत प्रोजेक्ट आहे. तुझ्या रेझ्युमेत मी हॉस्पिटॅलिटीचा दोन वर्षांचा एक्स्पीरियन्स टाकलाय.”

“कसला एक्स्पीरियन्स? कॉलेजात असताना मी आमच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयाचं बुकिंगचं सॉफ्टवेअर केलं होतं, बस.”

“अगं तेच ना यार! लोक येतात, खातात, पैसे उडवतात, थकून घरी जातात. सेम डोमेन.”

त्याच्या या व्याख्येत मला तेव्हा खोट काढता आली नाही, आणि कॅसिनोत वर्षभर काम केल्यावर तर मुळीच काढता आली नाही.

काम असं होतं की नशेत असलेल्या जुगाऱ्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर लिहायचं. कॅसिनोचा पेच मोठा गमतीचा होता. खेळायला बसलेल्याला दारू फुकट. हातात ट्रे घेतलेल्या बायका टेबलांमधून सतत फिरत असायच्या आणि ग्लास अर्धा व्हायच्या आत दुसरा आणून ठेवायच्या. नियम मात्र असा की झिंगलेल्या माणसाला खेळू द्यायचं नाही. म्हणजे आपणच पाजायची, आणि चढली की आपणच कपाळाला हात लावून म्हणायचं, अरेच्चा, हा तर प्यायलेला दिसतो! मग त्याची दारू थांबवायची, पाणी द्यायचं, सँडविच द्यायचं, गोड बोलून टेबलावरून उठवायचं आणि गाडी चालवू न देता टॅक्सीने घरी धाडायचं. कागदावर हे सगळं इतकं मायाळू होतं की पहिल्यांदा वाचून मला गहिवरून आलं.

ट्रेनिंग देणाऱ्या सुपरवायझर बाई उंच, कडक आणि मनाने सरळ होत्या. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी प्यायलेल्या माणसाची लक्षणं सांगितली. आवाज चढतो. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकतो. न विचारता सल्ले देतो. क्षुल्लक कारणावरून हुज्जत घालतो आणि लगेच मिठी मारतो. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढून आमचे नातेवाईक एकामागून एक सरकू लागले. या यादीप्रमाणे पाहिलं तर माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात आलेला वरपक्ष आणि वधूपक्ष दोन्ही शुद्धीवर नव्हते, आणि तिथे मठ्ठ्यापलीकडे काही नव्हतं.

पहिल्याच मीटिंगमध्ये वकील मंडळींनी सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये ‘प्यायलेला’ असा शब्द कुठेही येता कामा नये. का? तर तसं लिहिलं म्हणजे आपल्याला ते माहीत होतं असं सिद्ध होतं. आणि माहीत असून खेळू दिलं तर आली का पंचाईत! दोन आठवडे यावर खल झाला आणि शेवटी तीन पर्याय ठरले. आनंदी पाहुणा, पातळी एक. आनंदी पाहुणा, पातळी दोन. आनंदी पाहुणा, पातळी तीन. एकला पाणी विचारायचं, दोनला सँडविच, तीनला टॅक्सी. दारुड्यांसाठी लिहिलेल्या माझ्या त्या प्रोग्राममध्ये दारू नावालाही नव्हती.

महिनाभर नोंदी बघितल्यावर माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. जो जिंकत असेल त्याचा आनंद कॅसिनोला दुरून दिसायचा. दोन डाव लागोपाठ मारले की पातळी तीन, टॅक्सी हजर. जो हरत असेल तो कितीही ढोसून बसलेला असो, तो कुणाला आनंदी वाटायचाच नाही. मी हे सुपरवायझर बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला आणि म्हणाल्या की हरणारा माणूस आनंदी कसा असेल?

आता काका-काकूंबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे माझ्या बाबांचे कॉलेजचे मित्र. वेस्ट विंडसरला राहायचे आणि तिथल्या एका औषधाच्या लॅबमध्ये वीस वर्षं संशोधन करत होते. त्यांची मुलगी शिकायला कॅलिफोर्नियाला गेलेली, तिची खोली मोकळी. सोमवार ते शुक्रवार मी कॅसिनोजवळच्या मोटेलात काढायची आणि शनिवार-रविवार काकूंकडे. काकूंनी मला कधी पाहुणी मानलं नाही. मी मात्र त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून खोटं बोलले. “कुठे आहे गं प्रोजेक्ट?” त्यांनी विचारलं आणि मी म्हणाले, “बीचवरच्या एका मोठ्या हॉटेलात.” मंगल कार्यालयापासून कॅसिनोपर्यंत मजल मारली हे सांगायची लाज वाटली.

त्या घरात जेवायला बसणं म्हणजे एक सोहळा होता. काकू प्रत्येक पदार्थ तीनदा विचारायच्या. आणि काका स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बायकोला दोनदा नको म्हणायचे. पहिलं नको सवयीचं, दुसरं शिष्टाचाराचं. तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून म्हणायचे, “बरं, अर्धी वाटी.” चहा असो, आमटी असो, थंडीत अंगावर घ्यायची शाल असो, तीनदा विचारल्याशिवाय या गृहस्थाने आयुष्यात काही घेतलं नव्हतं. मी त्यांना चिडवायची, “काका, आग लागली तर फायर ब्रिगेडला पण दोनदा नको म्हणाल का?” ते हसायचे. दारूचं तर नावच नको. ऑफिसच्या पार्टीतही ते संत्र्याचा रस घेऊन कोपऱ्यात उभे राहायचे.

पुढच्या वर्षीच्या मार्चमधला मंगळवार. सकाळचे साडेअकरा. मी माझा प्रोग्राम तपासायला टेबलांच्या मधल्या काउंटरवर बसले होते, आणि समोरच्या पत्त्यांच्या टेबलावर मला एक टाय दिसला. सकाळच्या वेळी कॅसिनोत टाय लावून कुणी येत नाही. मग टायच्या वर काका दिसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि पायाशी निळी चेनची पिशवी. त्या पिशवीत काय होतं हे मला न उघडता सांगता आलं असतं. काकू रोज पहाटे उठून डबा करायच्या.

मी लपायला जागा शोधू लागले. हो, मीच! चूक करताना ते सापडले होते आणि तोंड लपवत होते मी. वडीलधाऱ्या माणसाला अशा ठिकाणी बघणं हाच मला माझा गुन्हा वाटला.

मग ट्रेवाली बाई काकांजवळ आली. तिने विचारलं आणि काकांनी लगेच मान हलवली. एकदाच विचारलं, आणि हो. थोड्या वेळाने ती पुन्हा आली. पुन्हा एकदाच विचारलं, पुन्हा हो. ग्लासात संत्र्याचा रस होता खरा, पण त्यात काय मिसळलं होतं हे मी रोज तिथे बसत असल्यामुळे मला ठाऊक होतं. काका ताठ बसले होते. आवाज नाही, हुज्जत नाही. हरले की पत्ते वाटणाऱ्या डीलरला थँक यू म्हणत होते. यादीतलं एकही लक्षण नव्हतं. पण पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारे ते काका शुद्धीवर नव्हते हे त्या अख्ख्या हॉलमध्ये मला एकटीला कळत होतं.

मग मी काय केलं? फॉर्म भरला. आपल्या माणसाजवळ जाऊन बसायचं सोडून मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममध्ये त्याची तक्रार नोंदवली, म्हणजे जे काय करायचं ते कॅसिनोने करावं आणि माझी भीड शाबूत राहावी.

सुपरवायझर बाई लगेच आल्या. काकांना त्यांनी हवामानाबद्दल विचारलं. काकांनी उत्तम इंग्रजीत उत्तर दिलं. बाईंनी पाणी हवं का विचारलं. पाण्याला मात्र काका सवयीने नको म्हणाले, थँक्यूसकट. बाई माझ्याकडे परत आल्या. “या हॉलमधला सगळ्यात सभ्य माणूस आहे तो,” त्या म्हणाल्या आणि माझ्यादेखत नोंद केली. आनंदी पाहुणा, पातळी एक. पाणी विचारले, होय. नको म्हणाले, होय. प्रकरण बंद.

आता माझ्यावरच आलं होतं. मी उठून काकांजवळच्या रिकाम्या स्टुलावर जाऊन बसले.

“अगं तू? इथे?” काकांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. “हेच का ते तुझं हॉटेल? वा, वा. छान आहे. एअरकंडिशन्ड.”

“काका, ऑफिस?”

“ऑफिस ना... ऑफिस नोव्हेंबरात संपलं.” हे त्यांनी आमटी संपली म्हणावं तसं सांगितलं. “ले-ऑफ झाले. माझ्या बॉसने बोलावलं, म्हणाला, तुला दुसऱ्या स्टेटमधल्या लॅबमध्ये पाठवू का? जागा आहे. मी म्हटलं, नो नो, प्लीज डोंट ट्रबल युवरसेल्फ. तो म्हणाला, ओके. आणि उठलाच गं तो! हँडशेक करून मोकळा.” काका हसले. “इथे एकदाच विचारतात.”

“काकूंना माहीत नाही?”

“ती डबा देते रोज,” काका म्हणाले. त्यांच्या लेखी हेच उत्तर होतं. मग ग्लासाकडे बघून म्हणाले, “इथली माणसं बरी आहेत. पुन्हा पुन्हा येऊन विचारतात.”

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. खरंच की! अख्ख्या अमेरिकेत आपल्या पद्धतीने आग्रह करणारी एकच जागा त्या माणसाला सापडली होती, आणि ती ही. चार महिने रोज सकाळी टाय लावून, डबा घेऊन, दीड तास गाडी हाकत ते या पाहुणचाराला येत होते. आणि आता त्याच गाडीने परत जाणार होते.

“काका, चला, मी घरी सोडते. मला लायसन्स मिळालंय आता. तुमचीच गाडी मी ड्राइव्ह करते.”

“नको गं, उगाच तुला त्रास.”

“त्रास कसला त्यात? मी हाफ डे टाकते. चला ना.”

“नको, नको. एवढा एक डाव झाला की मी निघतोच. तू तुझं काम कर.”

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात एक सिक्युरिटी गार्ड धावत आला. कॉफी शॉपमध्ये हाणामारी सुरू होती, म्हाताऱ्या माणसांची, आणि भाषा कुणाला कळत नव्हती. मला बघून त्याला वाटलं की मला कळेल. त्याचा अंदाज बरोबर होता.

“काका, पाच मिनिटांत आले. इथेच थांबा.”

“हो, हो. ये तू.”

कॉफी शॉपमध्ये आयसेलिनहून बसने आलेली आपली मंडळी होती. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. बसबरोबर जेवणाचं कूपन मिळतं आणि समुद्र दिसतो म्हणून आलेले. दोन आजोबा एकमेकांचं मनगट धरून उभे होते. दोघांच्याही हातात पाकीट.

“तुम्ही मागच्या वेळी दिलेत! आज मी देणार म्हणजे मी देणार!”

“माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला! हात सोडा!”

“मी मेलो असं समजा मग!”

गार्डच्या हातातल्या फॉर्मवर मी डोकावले. आवाज चढलेला, हुज्जत, अंगाला हात. आनंदी पाहुणे, पातळी तीन. टॅक्सी बोलावलेली. मी कळवळून सांगत होते की यांनी कॉफीशिवाय काही घेतलेलं नाही, हे बिल देण्यावरून चाललंय, आमच्याकडे याला प्रेम म्हणतात. गार्डला पटेना. तोवर एक मावशी मागून हळूच काउंटरवर जाऊन पैसे द्यायला लागल्या, ते बघून दोन्ही आजोबा त्यांच्यावर ओरडले. काउंटरवरची मुलगी रडवेली झाली होती. ती मघापासून एकच सांगायचा प्रयत्न करत होती की कूपनवर कॉफी फुकट आहे.

हे निस्तरून, टॅक्सी परत पाठवून, तिघांना बाकावर बसवून मी परत आले तेव्हा अर्धा तास गेला होता. काकांचं स्टूल रिकामं होतं. डीलर म्हणाला, “ते सभ्य गृहस्थ ना? निघाले. सगळ्यांना थँक यू म्हणून गेले.” मी पार्किंगकडे पळत सुटले. चारही मजले धुंडाळले. काकांचा मोबाइल बंद होता.

हायवेच्या पहिल्या टोलनाक्याजवळ त्यांची गाडी सिमेंटच्या कठड्यावर चढली. दुसऱ्या कुणाला खरचटलंही नाही, एवढं नशीब. काकांच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं आणि पुढे कधी नीट जुळलं नाही. काकांनी पोलिसांना सगळं सांगून टाकलं आणि पोलिसांनी काकूंना फोन केला. नोकरी गेल्याचं, जुगाराचं आणि दारूचं, तिन्ही गोष्टी काकूंना त्या एकाच फोनवर कळल्या, आणि त्याही इंग्रजीत.

कॅसिनोत चौकशी झाली. अर्ध्या तासात आटोपली, कारण माझं सॉफ्टवेअर चोख चाललं होतं. पाहुण्याकडे लक्ष दिलं होतं, होय. पाणी विचारलं होतं, होय. वकील मंडळी खूश झाली. त्यांच्यातल्या एकाने मला हात मिळवून सांगितलं की असा पुरावा हाताशी असणं फार मोलाचं असतं. माझं कॉन्ट्रॅक्ट आणखी सहा महिन्यांनी वाढलं. मी ते घेतलं, कारण व्हिसा त्यावरच होता. त्या वकिलाचा मला जेवढा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला, तरी घेतलं.

पुढच्या रविवारी मी वेस्ट विंडसरला गेले. काका हॉस्पिटलात होते. काकूंनी स्वयंपाक केला होता, रोजच्यासारखाच. ताटावर बसायच्या आधी मी सगळं सांगितलं. हॉटेल नव्हतं, कॅसिनो होता. मी त्यांना बघितलं होतं. त्यांच्याजवळ बसले होते. घरी सोडते म्हणाले होते.

काकू ऐकत होत्या. ओट्यावर निळी पिशवी पडली होती. गाडीतून पोलिसांनी आणून दिलेली, डबा तसाच भरलेला.

“मग?” काकूंनी विचारलं. “काय म्हणाले?”

“नको म्हणाले.”

“किती वेळा विचारलंस?”

मला खोटं बोलता आलं असतं. तोवर चांगली सवयही झाली होती.

“दोनदा,” मी म्हणाले.

काकूंनी ताट वाढलं. भात वाढला. मग पातेलं उचलून माझ्याजवळ आल्या.

“आमटी?”

“नको,” मी सवयीने म्हणाले.

काकूंनी पातेलं परत ओट्यावर नेऊन ठेवलं आणि स्वतःचं ताट घेतलं.